अपवादाची साक्ष

२९ मे २०२४ रोजी दुपारी दिल्लीच्या वायव्येस असलेल्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित हवामान केंद्राने ५२.९ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदविले. राजस्थानातील फलोदी येथे २०१६ साली नोंदविला गेलेला ५१ अंशांचा देशातील उच्चांक त्याने जवळजवळ दोन अंशांनी मागे टाकल्यामुळे ही वार्ता संध्याकाळ होण्याच्या आतच देशभर पसरली. परंतु ज्या हवामान खात्याचे ते केंद्र, त्या खात्यानेच त्याच दिवशी आपल्या या साक्षीदाराविषयी अविश्वास प्रकट केला. शहरातील इतर केंद्रांवरचे कमाल तापमान ४५.२ ते ४९.१ अंशांच्या दरम्यान आहे, तेव्हा मुंगेशपूरचा आकडा संवेदकाच्या दोषामुळे अथवा काही स्थानिक कारणामुळे आला असावा, असे त्याने कळविले, आणि पुढे तपासाअंती हे केंद्र प्रमाणित उपकरणापेक्षा सुमारे तीन अंश अधिक दाखवीत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दिला, त्याचीही वासलात अशीच लागली.

येथपर्यंत हकीकत सरळ आहे. परंतु शंका आधी आली आणि तपास मागाहून झाला, हा जो क्रम, तो मला विचार करण्याजोगा वाटतो. जो दोष अद्याप कोणी पाहिलेला नव्हता, त्याच्या आधारावर साक्षीदाराला संशयित ठरविण्याचा अधिकार खात्याला कोठून मिळाला? ‘असे कधी झाले नाही आणि शेजारी कोणी असे सांगत नाही’ एवढेच त्याच्या हाती होते. आणि ज्या युक्तिवादाने केवळ एवढ्याच भांडवलावर साक्ष नामंजूर करावी असे म्हटले आहे, तो युक्तिवाद हवामानशास्त्रात नव्हे, तर धर्मचिंतनात, चमत्कारांच्या वादात जन्मला आहे.

जॉन लॉकने आपल्या मानवी आकलनाविषयीच्या ग्रंथात सयामच्या राजाची गोष्ट सांगितली आहे. आमच्या देशात थंडीने पाणी इतके घट्ट होते की त्यावरून हत्तीही चालत जाईल, असे डच वकिलाने सांगताच, इतका वेळ त्याच्या सर्व कथनांवर विश्वास ठेवणाऱ्या राजाने त्याला खोटारडा ठरविले. पुढे डेव्हिड ह्यूमने १७४८ साली चमत्कारांवरील आपल्या प्रसिद्ध प्रकरणात हिमाच्या वार्तेवर विश्वास न ठेवणाऱ्या अशाच एका हिंदी राजाचा दाखला घेतला आणि राजाची बाजू उचलून धरली: ज्याच्या सबंध अनुभवात पाणी कधी दगड झाले नाही, त्याने पहिल्या सांगण्यावर ते मानू नये हेच न्याय्य. सुज्ञ माणूस आपला विश्वास पुराव्याच्या मापाने मोजतो, आणि साक्ष खोटी असण्याचा संभव हा सांगितलेली घटना घडली असण्याच्या संभवाहून कमी असेल तेव्हाच ती साक्ष स्वीकारावी, हे त्याचे सूत्र. राजाचे अनुमान निर्दोष होते आणि निष्कर्ष चुकीचा होता, ही गोष्ट ह्यूमलाही अवघड वाटली असावी. नाहीतर जे अनुभवाच्या विरुद्ध आहे ते वेगळे आणि जे केवळ अनुभवाशी जुळत नाही ते वेगळे, असा भेद करून त्याने आपल्या राजाला सोडविण्याची खटपट केली नसती.

आज नोएडाच्या केंद्रापासून इंग्लंडमधील रेडिंगच्या युरोपीय केंद्रापर्यंत जगभर जी हवामानाची संगणकीय प्रतिमाने चालतात, त्यांच्या पोटात ह्यूमचे हे सूत्र गणिताचे रूप घेऊन बसलेले आहे. दर काही तासांनी प्रतिमान आपल्याच मागील अंदाजावरून आताची हवा कशी असावी याचे प्रथमानुमान तयार करते. मग भूकेंद्रे, जहाजे, बलून, विमाने आणि उपग्रह यांच्या नोंदी त्यासमोर रुजू होतात, आणि प्रत्येक नोंद त्या अनुमानापासून किती दूर आहे ते मोजले जाते. अंतर ठरीव मर्यादेच्या फारच पलीकडे असेल तर नोंद सरळ बाद होते. संशयास्पद असेल तर शेजारच्या केंद्रांची जबानी घेतली जाते. ग्राह्य ठरली तरी तिचे म्हणणे जसेच्या तसे न घेता, तिच्या संभाव्य चुकीचे आणि अनुमानाच्या संभाव्य चुकीचे प्रमाण पाहून त्या दोहोंमधील मध्य काढला जातो. जी केंद्रे वारंवार चुकतात, उदाहरणार्थ ज्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची दप्तरात चुकीची लागल्यामुळे ज्यांचा वायुदाब नित्य खोटा येतो, त्यांची नावे काळ्या यादीत जातात.

हे सगळे कशाला, निरीक्षण म्हणजे निरीक्षण, ते पवित्र मानावे आणि जसे आले तसे घ्यावे, असे ज्यांना वाटते त्यांनी लुइस फ्राय रिचर्डसनची कथा वाचावी. हा क्वेकरपंथी, युद्धविरोधी गणिती पहिल्या महायुद्धात रुग्णवाहिकेवर काम करीत असताना फावल्या वेळात हाताने हवेचा अंदाज मांडीत होता. २० मे १९१० या दिवसाच्या मध्य युरोपातील नोंदी त्याने जशाच्या तशा समीकरणांत घातल्या आणि सहा तासांत वायुदाब १४५ मिलिबारने वाढेल असे उत्तर आले, जे पृथ्वीवर संभवतच नाही. समीकरणे बरोबर होती. वारा आणि दाब यांच्या नोंदींत जी थोडीथोडी तफावत होती, ती आधी मिटविलेली नव्हती, एवढेच. प्रत्येक साक्षीदार आपापल्या परीने प्रामाणिक असूनही सर्वांचे बयान शब्दशः मानल्याने निकाल हास्यास्पद झाला. रिचर्डसनने ते अपयश १९२२ च्या आपल्या ग्रंथात उघडपणे छापले, ही त्या पंथाच्या सत्यनिष्ठेला शोभणारी गोष्ट होय.

तेव्हा साक्षीची छाननी हवी, याविषयी दुमत नाही. प्रश्न छाननीच्या निकषाचा आहे, आणि येथे मला ह्यूमपेक्षा आपल्याकडील मीमांसक अधिक सूक्ष्म वाटतात. कुमारिल भट्टांच्या मते ज्ञान हे स्वभावतःच प्रमाण असते. ते अप्रमाण ठरते ते दोनच मार्गांनी: पुढे येणाऱ्या दुसऱ्या ज्ञानाने त्याचा बाध झाला तर, किंवा ते ज्या कारणापासून उत्पन्न झाले त्या कारणात दोष सापडला तर. बाध आणि कारणदोष ही दोन कलमे मनात ठेवून मुंगेशपूरकडे पाहिले म्हणजे त्या दिवशीचा अविश्वास आणि नंतरचा तपास यांतील अंतर उलगडते. शेजारच्या केंद्रांनी बाध आणला, संवेदकाच्या तपासणीने कारणदोष दाखविला, आणि माझ्या मते खटला निकाली निघाला तो दुसऱ्या पायरीवर. पहिल्या पायरीवर केवळ तहकुबी योग्य होती. खात्याने त्या दिवशी तपासाची भाषा केली, निकालाची केली नाही, हे त्याचे औचित्य होते.

कारणदोष म्हणजे काय हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने वेधशाळेच्या आवारातील झडपांची पांढरी लाकडी पेटी उघडून पाहावी. तिच्यात शेजारी शेजारी दोन तापमापक असतात. एकाचा फुगा कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर मलमलीची पट्टी गुंडाळून तिची वात पाण्याच्या बाटलीत सोडलेली. पाणी उडून जाताना दुसरा फुगा थंड होतो आणि दोहोंतील फरकावरून हवेतील दमटपणा काढतात. आता बाटलीतले पाणी संपले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर दोन्ही फुगे सारखेच तापमान दाखवितात, आणि कोष्टकानुसार त्याचा अर्थ होतो: हवा शंभर टक्के दमट. भर वैशाखात वात वाळून गेल्यामुळे दप्तरात मात्र पावसाळा लागतो! ही चूक निदान उघडी आहे, कोणतेही प्रतिमान ती तेव्हाच पकडील. त्याहून घातक पर्जन्यमापकाची. त्याच्या नरसाळ्यात वाळके पान अडकले किंवा पाखराची शीट साचली, तर नोंद येते ती शून्याची. आणि ‘पाऊस पडला नाही’ हे विधान इतके सामान्य, इतके सभ्य आहे की त्याची उलटतपासणी करावी असे सहसा कोणाला सुचत नाही. ह्यूमचे सूत्र असंभाव्य असत्याला पकडते; संभाव्य असत्य त्याच्या डोळ्यांदेखत निघून जाते.

आणि याच्या उलटही घडते. २६ जुलै २००५ ची मुंबई आठवावी. त्या दिवसाच्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेने ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला आणि त्याच शहरातील कुलाब्याच्या वेधशाळेने सुमारे ७३ मिलिमीटर. शेजाऱ्याच्या जबानीवरच भिस्त ठेवणाऱ्या मुनसफापुढे हे दोन आकडे निनावी ठेवले असते, तर त्याने सांताक्रूझला बरखास्त केले असते यात मला संशय नाही. आणि ज्या दिवशी मिठी नदीने उपनगरे बुडविली त्या दिवसाची खरी साक्ष रद्दीत गेली असती. अपवाद हा अपवाद असल्यामुळेच शेजाऱ्यांना ठाऊक नसतो.

याहून मार्मिक प्रकरण अंटार्क्टिकावरील ओझोनचे. हॅली बे येथील ब्रिटिश केंद्राच्या नोंदींवरून फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी मे १९८५ मध्ये तेथील ओझोनचा ऱ्हास प्रसिद्ध केला, तेव्हा अमेरिकेच्या उपग्रहाने तो आधीच टिपला होता. यंत्राने ती मोजमापे फेकून दिली असे जे सर्रास सांगितले जाते ते खरे नाही. अपेक्षेहून फार कमी आलेल्या त्या आकड्यांवर ‘संशयित’ असा शेरा पडला होता, आणि शास्त्रज्ञांनी त्यांची खातरजमा करण्यासाठी दक्षिण ध्रुवावरील भूकेंद्राचे आकडे पाहिले होते. ते आकडे नेहमीसारखे होते आणि तेच चुकीचे होते. खोटा साक्षीदार जेव्हा न्यायाधीशाच्या मनातलेच बोलतो तेव्हा त्याची झडती कोण घेणार? श्रद्धेच्या क्षेत्रात हा अनुभव पदोपदी येतो: जे आपल्या परंपरेशी जुळते त्याला पुरावा लागत नाही आणि जे जुळत नाही त्याला कोणताच पुरावा पुरत नाही, आणि मौज अशी की अश्रद्धेच्या क्षेत्रातही तो तितकाच येतो.

या अडचणीतून हवामानशास्त्रज्ञांनी जी वाट काढली ती मला नैतिकदृष्ट्याही आदरणीय वाटते. पूर्वीच्या पद्धतीत नोंद अनुमानापासून ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की तिचे वजन झपाट्याने शून्यावर येई. परंतु वादळ अनपेक्षित वेगाने खोल होत असते तेव्हा नेमके प्रतिमानाचे अनुमान चुकलेले असते आणि बरोबर नोंदीच दूर दिसतात. म्हणजे ज्या क्षणी साक्षीची सर्वांत अधिक गरज, त्याच क्षणी ती दाराबाहेर. पीटर ह्यूबर या स्विस संख्याशास्त्रज्ञाने १९६४ साली मांडलेल्या पद्धतीचा अवलंब करून युरोपीय केंद्राने २००९ साली हा नियम बदलला: दूरच्या नोंदीचे वजन अंतरानुसार कमी होत जावे, परंतु तिचा शब्द सर्वस्वी पुसला जाऊ नये. अगदीच असंभव आकडे आजही वगळले जातात. पण मधल्या विस्तीर्ण पट्ट्यात संशयिताचेही थोडे ऐकले जाते, आणि एकाच दिशेने बोट दाखविणारे असे अनेक संशयित जमले तर अनुमानाला हलावे लागते.

मीमांसकांची वाट मात्र मला येथपर्यंतच चालते. ज्ञानाचे दोष कारणातून येतात, शब्दाचे दोष वक्त्यातून येतात, वेदाला वक्ताच नाही, म्हणून वेद निर्दोष, असा त्यांचा पुढचा टप्पा आहे. अपौरुषेयत्वाचा हा आग्रह जुना वाटतो. पण मनुष्याच्या आळसाचा, डुलकीचा आणि घाईच्या वाचनाचा संबंधच नको म्हणून आपण गावोगाव जी स्वयंचलित केंद्रे उभारली, त्यांच्या मुळाशी तीच आशा नव्हती काय? नैयायिकांनी या आशेवर फार पूर्वी बोट ठेवले होते: वक्ता काढून टाकलात तर त्याचे दोष जातील हे खरे, परंतु ज्या आप्ततेमुळे शब्द विश्वासार्ह होतो ते गुणही त्याच्याबरोबर जातील, आणि मग प्रामाण्य दुसरीकडून आणावे लागेल. पेटीतली वात वाळलेली पाहून नोंदवहीत तसा शेरा मारणारा निरीक्षक संवेदकाच्या आत बसलेला नसतो. संवेदकाची परीक्षा करण्यासाठी शेवटी प्रमाणित उपकरणच आणावे लागते.

मनुष्याची चूक आपल्यामागे माग ठेवते, हा तिचा दुर्लक्षित गुण आहे. लिबियातील अल् अझीझिया येथे १३ सप्टेंबर १९२२ रोजी नोंदविलेले ५८ अंश हे तापमान नव्वद वर्षे जगाचा उच्चांक म्हणून मिरविले, आणि २०१२ साली जागतिक हवामान संघटनेने ते रद्द केले. मूळ नोंदपत्रक जतन झालेले होते म्हणूनच हे शक्य झाले: त्या सुमारास अक्षर बदललेले दिसले, आकडे चुकीच्या रकान्यांत पडलेले दिसले, आणि कमाल-किमान तापमापकातील लहानशा दर्शकाचे खालचे टोक वाचायचे ते सोडून नवख्या निरीक्षकाने वरचे टोक वाचले असावे, ज्यामुळे सुमारे सात अंशांची भर पडली, असा निष्कर्ष निघाला. तो काढणाऱ्या समितीत लिबियाच्या हवामान खात्याचे अधिकारी होते, आणि हे काम चालू असताना त्यांच्या देशात क्रांती पेटलेली होती. उच्चांकाचा मान त्यानंतर कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीच्या १० जुलै १९१३ च्या ५६.७ अंशांकडे गेला. त्या नोंदीविषयीही काही जाणकारांनी आता शंका घेतली आहे, आणि तिची फिर्याद अद्याप निकाली निघालेली नाही.