पोटातले फ्लोराइड, दातावरचे फ्लोराइड

दुधात अ आणि ड जीवनसत्त्वे घालता, मग फ्लोराइडही घाला, पोरांचे दात किडायचे आपोआप थांबतील, असे हल्ली चांगली शिकलेली माणसे सांगतात. फ्लोराइड म्हणजे निव्वळ विष म्हणणाऱ्यांशी किंवा कडुनिंबाच्या काडीवर सगळे सोपवणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. वाद आहे तो या ‘आपोआप’वाल्यांशी.

कल्पना जुनीच. अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहराच्या नळाला १९४५ साली फ्लोराइड आले. पुढे बल्गेरिया, इंग्लंड, चिली, थायलंड इथल्या मुलांना ते दुधातून मिळू लागले. गुण अगदीच आला नाही असे नाही. पण वैद्यकीय चाचण्या पारखणाऱ्या कॉक्रेनच्या २०१५ च्या आढाव्यात निकषाला उतरलेली चाचणी एकच होती, १८० मुलांची. पुरावा दुधाच्या बाजूचा, पण कच्चा.

ड जीवनसत्त्व रक्तात गेल्यावर कामाला लागते. फ्लोराइडचे मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावरच होते. जंतू साखरेचे आम्ल करतात, पीएच ५.५ च्या आसपास खाली आला की दाताचे कवच विरघळू लागते. त्या वेळी लाळेत थोडे फ्लोराइड असेल तर झीज भरून येते आणि भरलेला भाग आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. दूध तोंडातून जाता जाता दाताला लागते, हे मान्य. पण त्यात लिटरला साधारण अडीच ते पाच मिलिग्रॅम फ्लोराइड; टूथपेस्टमध्ये आपल्या कायद्याने किलोला हजार मिलिग्रॅमपर्यंत चालते. बाकीचे दुधातले फ्लोराइड पोटात जाते, आणि पोटाला दात नसतात.

शिवाय दुधाच्या पिशवीला जिल्हा कळत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या काही गावांत बोअरवेलच्या पाण्यातच इतके फ्लोराइड आहे की मुलांच्या दातांवर तपकिरी डाग पडतात. तिथे हे दूध कोण थांबवणार? आणि योजना बंद पडली तर? चिलीतल्या कोडेगुआत १९९९ मध्ये ती थांबली, आणि तीन वर्षांत लहान मुलांतली कीड पुन्हा वाढलेली दिसली. जे आपोआप येते ते आपोआप जातेही.

आता आमच्या कोकणातल्या मिठबाव गावातले दूध पाहा. पोराला ते दोन चमचे साखर घालून मिळते, तेही रात्री, आणि पेला रिकामा झाला की पोर सरळ अंथरुणात. दिवसभरात चहा-बिस्किटे झालेली असतात. गजबादेवीच्या जत्रेत गुळाचा खाजा दाढेला चिकटतो तो वेगळाच. त्या पेल्यात फ्लोराइड घालणे म्हणजे आग लावणाऱ्याच्याच हाती घागर देणे.

ब्रश घरोघरी आहे, हे खरे. पण न्हाणीपाशी आजी तांब्या घेऊन उभी असते: ‘चूळ बरी भर रे झिला!’ पोर खळखळून तीन-चार चुळा टाकते आणि दाताला लागायचे ते फ्लोराइड माडाच्या आळ्यात जाते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराइडची टूथपेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. सरकारला द्यायचेच असेल तर अंगणवाडीतून ही ट्यूब द्यावी. तीन वर्षांखालच्या पोराला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावरच्याला वाटाण्याएवढी पुरते. आणि आजी, रात्री दूध आधी, ब्रश नंतर; पोराला थुंकू द्या, तांब्या आत ठेवा.