उघडा राहिलेला कोट

भाची : मामा, वसईच्या एका वाचनालयाची सभासदयादी माझ्याकडे आली आहे. प्रत्येक ओळीत आडनाव, नाव, आडनाव, नाव, मधे फक्त स्पेस. नाव दोन शब्दांचं असेल तिथे भोवती कोट. कोट सांभाळून ओळीचे टोकन पाडायला पायथनमध्ये श्लेक्स आहे, म्हणून ओळ त्याला दिली. ते डि'सोझापाशी अडलं. ‘नो क्लोजिंग कोटेशन.’

मी : अडलं ते बरंच झालं. कोट उघडला आणि ओळ संपली तरी बंद झाला नाही, म्हणजे पुढचं काय कुणाचं हे त्याला कळलेलं नाही. न कळताही पुढे रेटणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा थांबणारा प्रामाणिक. पर्लचं टेक्स्ट पार्सवर्ड्स अशा वेळी रिकामी यादी हातात ठेवतं, आणि यादीत कुणी नव्हतंच असं धरून पुढचा कोड चालत राहतो.

भाची : प्रामाणिक? मग ही ओळ बघ. डि'सोझा मेरी डि'मेलो जॉन. इथे एरर येत नाही. पहिल्या आडनावात कोट उघडला, दुसऱ्यात बंद झाला. टोकन चार हवे होते, आले दोन : ‘डिसोझा मेरी डिमेलो’ आणि ‘जॉन’. दोन माणसांची सरमिसळ झाली, आडनावांतली चिन्हंही गेली, आणि कुणाची काही तक्रार नाही. तुझा प्रामाणिकपणा विषम संख्येपुरताच आहे.

मी : तो दोष थांबण्याचा नाही, नियमाचा आहे. पोझिक्स पद्धतीत, म्हणजे शेलच्या रीतीनं, शब्दाच्या मधेही कोट उघडतो. श्लेक्समध्ये पोझिक्स बंद कर. मग शब्दाच्या मधला कोट साधं अक्षर ठरतो आणि डि'सोझा अखंड राहते.

भाची : तेही करून पाहिलं. डि'सोझा वाचली, पण त्याच फाईलमधली नाव="मेरी ॲन" ही नोंद तुटली. नाव="मेरी हा एक टोकन, ॲन" हा दुसरा. तिथलाही कोट शब्दाच्या मधेच उघडतो ना! एका नियमाला मेरी ॲन चालते, दुसऱ्याला डि'सोझा. मला दोघी हव्या आहेत.

मी : दोन्हीकडे अक्षरं असलेला सिंगल कोट नावातला धरायचा, असा तिसरा नियम लिहिता येईल. पण तो अंदाज झाला. टोकन पाडणाऱ्यानं मनानं तोडजोड केली की काय होतं? नोव्हेंबर 2001मध्ये ॲपलच्या आयट्यून्स 2.0चा इन्स्टॉलर आला. जुनी प्रत पुसायच्या शेलच्या आज्ञेत डिस्कचा पत्ता कोटाविना लिहिलेला होता. डिस्कच्या नावात स्पेस असली की पत्ता तिथेच तुटायचा आणि पुसणं भलतीकडे चालायचं. लोकांचा सगळा डेटा गेला. दुरुस्ती काय, तर पत्त्याभोवती कोट.

भाची : तिथे शेलनं अंदाज केलाच नव्हता. कोटात नसलेलं व्हेरिएबल उलगडल्यावर स्पेसवर तोडायचं, हा बोर्न शेलचा 1979पासूनचा नियम. तो अक्षरशः पाळूनच डिस्क पुसली गेली. अंदाजाविरुद्ध बोलताना तू नियमाचाच बळी पुढे केलास.

मी : तरीही नियम चुकतो तो दर वेळी एकाच जागी. ती जागा सापडते, दाखवता येते, दुरुस्त होते. अंदाज कुठे चुकेल ते लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

भाची : एकाच जागी म्हणजे दर वेळी त्याच माणसांना. वसईत, गोव्यात ज्यांच्या आडनावात हे चिन्ह आहे त्यांना. देशपांड्यांची या नियमाशी कधी गाठच पडत नाही.

मी : म्हणूनच थांबावं म्हणतो. थांबलं की कुणीतरी बघतं.

भाची : कोण बघतं? रात्री दोनला स्क्रिप्ट थांबली, लॉगमध्ये एक ओळ पडली. डि'सोझा बाईंना कळतं ते वाचनालयाचं कार्ड आलं नाही तेव्हा. थांबतो प्रोग्रॅम, खोळंबतात बाई.

मी : मग मुळाशी जाऊ. बेल लॅब्जमध्ये टॉम डफनं आरसी हा शेल लिहिला. त्यात व्हेरिएबल म्हणजे मुळातच यादी, आणि एकदा वाचलेला मजकूर पुन्हा तोडायचा नाही. वेगळ्या गोष्टी पहिल्यापासून वेगळ्या ठेवल्या तर कोटाची गरज उरत नाही.

भाची : पुढच्या यादीला उरणार नाही. ही तर लिहून झालेली आहे.

मी : तर लिहिणाऱ्याला विचारायचं. ते चिन्ह कोट आहे की आडनावाचा भाग, हे ओळीत लिहिलेलंच नाही, कुठल्याही नियमाला ते सापडणार नाही. शंकेच्या ओळी बाजूला काढू, बाकीच्या पुढे जाऊ देऊ.

भाची : आणि दोन आडनावांनी मिळून एरर लपवली, त्या ओळीत शंका दिसणार कुठे?

मी : ओळीत माणसं किती, हा आकडा यादीबरोबरच मागायचा. चाराऐवजी दोन टोकन आले की कळेल.

भाची : आकडा जुळला आणि माणसं चुकली तर?

मी : तिथे माझा उपाय संपतो. तरी चुकीच्या नावाचं कार्ड छापण्यापेक्षा मी ते अडवून ठेवीन.

भाची : मी अंदाजानं कच्चं कार्ड काढीन आणि छापण्याआधी बाईंना दाखवीन. यादी लिहिणाऱ्यापेक्षा त्यांचं नाव त्यांनाच जास्त माहीत.