चिठ्ठी टाकण्याचा अधिकार

न्यायदर्शनाने ज्या सोळा पदार्थांच्या यथार्थ ज्ञानाने निःश्रेयस साधते असे मानले, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशयाची गणना केली आहे. आणि वात्स्यायनाने आपल्या भाष्यात त्याची उपपत्तीही सांगितली आहे. जे मुळीच उपलब्ध नाही त्याविषयी न्याय प्रवृत्त होत नाही आणि ज्याचा निर्णय होऊन चुकला त्याविषयीही होत नाही. संशयित अर्थ हेच त्याचे क्षेत्र. पाठशाळेत हा सिद्धांत निरुपद्रवी भासतो. परंतु संशयाच्या निरसनासाठी जेव्हा पर्वतावरच्या धुराकडे पाहून भागत नाही, जेव्हा जित्याजागत्या माणसांचे दोन वर्ग पाडून एकाला उपाय द्यावा आणि दुसऱ्याला तो न देता काही वर्षे केवळ त्याची नोंद ठेवावी असे ठरवावे लागते, तेव्हा त्याच सिद्धांतातून धर्माधर्माचा असा एक प्रश्न उद्भवतो की ज्याचे उत्तर देण्याची वेळ आपल्या प्राचीन शास्त्रकारांवर आली नव्हती: ज्या संशयाच्या नावाने हे सारे चालते, तो संशय नेमका कोणाच्या ठायी असावा लागतो?

प्रश्न हवेत राहू नये म्हणून एक प्रत्यक्ष प्रकरण समोर ठेवतो. 1999 साली उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील लिआँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने, एक फार मोठा प्रयोग आरंभिला. गर्भाशयमुखाचा कर्करोग हा आपल्याकडील गोरगरीब स्त्रियांचा काळ. एका विषाणूचा संसर्ग वर्षानुवर्षे टिकून राहिल्याने तो होतो, आणि प्रत्यक्ष कर्करोग होण्यापूर्वी गर्भाशयमुखावरील पेशींत जी विकृती उत्पन्न होते ती बहुधा दहा-दहा वर्षे निरुपद्रवी अवस्थेत राहते. त्या अवधीत ती कोणी पाहिली तर किरकोळ उपचाराने नाहीशी करता येते. ती कशी पाहावी, एवढाच प्रश्न होता. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या 1,31,746 निरोगी स्त्रिया घेतल्या गेल्या, त्यांच्या गावांचे 52 गट करून त्या गटांची चिठ्ठ्या टाकावी तशी यदृच्छेने चार वर्गांत विभागणी झाली. पहिल्या वर्गातील स्त्रियांची विषाणूसाठी एकवार चाचणी, दुसऱ्यातील स्त्रियांची पेशींची तपासणी, तिसऱ्यातील स्त्रियांच्या गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले द्रव्य, लावून कोठे पांढरा डाग उमटतो काय याचे नुसत्या डोळ्यांनी अवलोकन. चौथ्या वर्गातल्या 31,488 स्त्रियांना जिल्ह्यात जी प्रचलित व्यवस्था होती ती. आणि अशी तपासणी देणारी व्यवस्था जिल्ह्यात जवळजवळ नव्हतीच. आठ वर्षांनी हिशेब झाला. विषाणूची चाचणी झालेल्या 34,126 स्त्रियांपैकी 34 या रोगाने वारल्या होत्या, चौथ्या वर्गातल्या 64. हा निष्कर्ष 2009 साली अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याची वाखाणणी झाली.

त्यानंतर आक्षेप आले, आणि ते तीव्र होते. पाश्चात्त्य देशांत पेशींच्या तपासणीने या रोगाचे मृत्यू अनेक दशकांपूर्वीच घटले, तेथे कोणी चिठ्ठ्या टाकल्या नव्हत्या. मग भारतातल्या हजारो बायकांना तपासणीवाचून ठेवून त्यांतल्या किती मरतात ते मोजण्याचे प्रयोजन काय, असे आक्षेपकांनी विचारले. मुंबईच्या वस्त्यांत आणि तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात झालेल्या अशाच प्रयोगांवरही तोच आरोप झाला. संशोधकांचे उत्तरही उपेक्षणीय नव्हते. पेशींची तपासणी म्हणजे काच, रंग, सूक्ष्मदर्शक, पेशीतज्ज्ञ आणि बाईला पुन्हा बोलावून आणण्याची यंत्रणा. यांतले काहीच ज्या जिल्ह्यात नाही तेथे पश्चिमेचा अनुभव प्रमाण कसा मानावा? शिवाय चौथ्या वर्गातल्या बायकांकडून काढून असे काहीच घेतले नव्हते. प्रयोग नसता तरी त्यांना तेच मिळाले असते, म्हणजे काही नाही.

या शेवटच्या युक्तिवादापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण दरिद्री देशांतील वैद्यकीय संशोधनाचा सारा नैतिक डोलारा बहुधा याच खांबावर उभा असतो. त्याचा वंश शोधू गेल्यास तो इंग्लंडमध्ये सापडतो. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन या औषधाची जी परीक्षा 1948 साली प्रसिद्ध झाली आणि जी आधुनिक वैद्यकातील यदृच्छाविभाजनाची आद्य परीक्षा म्हणून गणली जाते, तिच्यात 107 रुग्ण होते व त्यांपैकी 52 जणांना केवळ बिछान्यात विश्रांती दिली गेली. तिचे सूत्रधार ब्रॅडफर्ड हिल यांनी पुढे याचे समर्थन केले ते असे की, युद्धाने निष्कांचन झालेल्या देशात औषध सर्वांना पुरण्याजोगे नव्हतेच, डॉलर नव्हते, मग जे थोडे आहे ते वशिल्याने वाटण्यापेक्षा चिठ्ठीने वाटावे व त्यातून ज्ञानही मिळवावे, हेच न्याय्य. युक्तिवाद बिनतोड आहे. मात्र तो टंचाईवर आधारलेला आहे, आणि इंग्लंडची टंचाई काही वर्षांची होती. ज्या देशात टंचाई पिढ्यान्‌पिढ्या वस्तीला आहे तेथे तोच युक्तिवाद नित्याचा परवाना बनतो. उस्मानाबादेत 1999 साली ॲसेटिक आम्लाची टंचाई नव्हती, ते लावून पाहण्यास शिकू शकणाऱ्या परिचारिकांचीही नव्हती. टंचाई होती ती सरकारी तरतुदीची. औषध देशातच नसणे आणि ते देण्याची व्यवस्था कोणी न करणे या दोन गोष्टींना एकाच अभावाच्या सदरात टाकणे मला तर्कदुष्ट वाटते.

चिठ्ठीला मात्र दोष देता येत नाही. आमच्या कोकणात गावऱ्हाटीचा निर्णय माणसांच्या मतलबापलीकडे न्यायचा झाला म्हणजे देवाला कौल लावतात, तसेच संशोधक यदृच्छेला कौल लावतो. कोणती बाई कोणत्या वर्गात जाईल हे ना डॉक्टरच्या दयेने ठरते, ना सरपंचाच्या चिठ्ठीचपाटीने, ना तिच्या नवऱ्याच्या ऐपतीने. रागद्वेषांचे असे निर्मूलन करणारी दुसरी युक्ती मानवाला अद्याप सापडलेली नाही, आणि तिची थट्टा करणारांनी वशिल्याने चालणारी एखादी सरकारी रुग्णालयाची खिडकी सकाळी जाऊन पाहावी. परंतु कौल लावण्यालाही मर्यादा असते. देवाला काय विचारावे हे माणूसच ठरवतो, आणि ज्याचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे ते विचारणारा भाविक नसून लबाड होय.

तर मग उत्तर ठाऊक होते काय? येथे आक्षेपकांच्या निश्चितीलाही धक्का बसतो, आणि तो लपवून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उस्मानाबादेत पेशींची एकवार तपासणी झालेल्या वर्गात मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. म्हणजे पश्चिमेत दशकानुदशके पुनःपुन्हा होणाऱ्या तपासणीने जे साधले ते खेड्यात एकदा केलेल्या तपासणीने साधले नाही. ॲसेटिक आम्लाची पद्धतही तेथे निष्प्रभ ठरली, आणि दिंडिगल व मुंबई येथे तीच प्रभावी ठरली. मुंबईत तर वस्तीतल्याच शिकलेल्या बायकांनी, डॉक्टर नसताना, दर दोन वर्षांनी ती केली आणि मृत्यूंचे प्रमाण 31 टक्क्यांनी घटले. तेव्हा संशय खरा होता. फरक एवढाच की तो एकजिनसी नव्हता. लवकर पाहिल्याने जीव वाचतो काय, हा वैद्याचा संशय. तो जवळजवळ निर्णीत होता. कोणत्या साधनाने पाहावे, हा कारागिराचा संशय. तो पूर्णतः शिल्लक होता व त्याला तीन वर्ग पुरेसे होते. आणि यावर पैसा खर्च करणे सरकारला परवडेल काय, हा खजिन्याचा संशय. चौथा वर्ग मुख्यतः त्याच्या समाधानासाठी होता, कारण काहीच न करण्याशी तुलना केल्यावाचून कोणताही अर्थखात्याचा सचिव फाइलीवर सही करीत नाही. वात्स्यायनाने ज्या संशयाला प्रतिष्ठा दिली तो जिज्ञासूचा होता. खजिना जिज्ञासू नसतो. त्याचा संशय पुष्कळदा अनिच्छेने घेतलेले सोंग असते.

संशय एकाच ठायी असला म्हणजे विभाजन किती निष्कलंक होऊ शकते, याचे उदाहरणही याच देशात आहे. 1956 साली मद्रासेत क्षयरोग उपचार केंद्र स्थापन झाले आणि तेथे गरीब, दाटीवाटीने राहणाऱ्या क्षयी रुग्णांपैकी काहींना आरोग्यधामात ठेवून व काहींना घरीच ठेवून एकच औषधे वर्षभर देण्यात आली. घरी राहणाऱ्यांचे पोषण तुटपुंजे, हवा कोंदट, विश्रांती नावालाच. तरी फलिते सारखीच निघाली, आणि घरच्या माणसांना अधिक लागण झाल्याचेही दिसले नाही. 1959 साली हे प्रसिद्ध झाल्यावर आरोग्यधामांचा साऱ्या जगातला दबदबा ओसरू लागला. तेथे कोणालाही औषधावाचून ठेवले नव्हते. कोणता मार्ग श्रेयस्कर हे खरोखरच कोणाला माहीत नव्हते.

आणि याच्या अगदी विरुद्ध टोकाला 1971 चे बनगाव. पूर्व पाकिस्तानातून लोटलेल्या निर्वासितांत पटकीने कहर केला, शिरेतून देण्याचे द्रव संपत आले, तेव्हा दिलीप महालनवीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा पाण्यात मिसळून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातलगांवर सोपविले. तोंडाने द्यावयाचा द्रव रुग्णालयात गुण देतो हे ढाका-कलकत्त्याच्या संशोधनाने आधीच दाखविले होते. अडाणी माणसांच्या हाती तो देता येईल काय, हा संशय शिल्लक होता, आणि त्याच्या निरसनासाठी काही तंबू कोरडे ठेवण्याचा विचार महालनवीसांनी केला नाही. छावणीतील पटकीचे मृत्यू शेकडा 20 ते 30 वरून शेकडा 4 च्या खाली आले. तुलनेचा वर्ग नाही म्हणून पंडितांनी काही काळ नाके मुरडली. मला या नाक मुरडण्याचा राग येत नाही, कारण त्याच कठोरपणाने वैद्यकातली कितीतरी थोतांडे उघडी पाडली आहेत. परंतु कारुण्यही प्रमाणाला जन्म देऊ शकते याचे बनगाव हे साक्षीदार आहे.

चरकाने वैद्याची वृत्ती चार प्रकारची सांगितली: सर्वांविषयी मैत्री, आर्तांविषयी कारुण्य, साध्य रोग्याविषयी प्रीती, आणि ज्यांचा अंत ठरलेला आहे त्यांच्याविषयी उपेक्षा. ही चौथी वृत्ती निष्ठुर वाटते, पण ती मोठी विवेकाची आहे, कारण ती केवळ असाध्यासाठी राखून ठेवलेली आहे. तुलनेच्या वर्गात ज्या स्त्रिया होत्या त्या चरकाच्या तिसऱ्या प्रकारातल्या, साध्य. त्यांच्याशी वर्तन मात्र चौथ्या प्रकारचे झाले. संशोधकांच्या अंगी कारुण्य नव्हते असे मी म्हणत नाही. बार्शीसारख्या ठिकाणी कर्करोगाचे रुग्णालय चालविणाऱ्यांना तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पण कारुण्य व्यक्तींचे होते आणि उपेक्षा योजनेची.

संमतीने हा दोष धुऊन निघतो असे आजकाल मानतात. बाईला समजावून सांगितले, तिने अंगठा दिला, दस्तऐवज पुरा झाला. 2009–10 मध्ये खम्मम जिल्ह्यात याच रोगाच्या लसीचा जो प्रकल्प झाला, त्यात आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांनीच सह्या केल्याचे निघाले आणि संसदीय समितीने 2013 मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. तो तर उघड अनाचार. पण संमती निर्दोष असली तरी ती काय सिद्ध करते? जिच्या गावात डॉक्टर येत नाही तिच्याकडे डॉक्टर येऊन बसतो, नाव विचारतो, वही काढतो; नकार देण्याची कला तिला कोणी व केव्हा शिकविली? संमतीमुळे संशोधकाचा व बाईचा व्यवहार कायदेशीर होतो. संशय खरा होता की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही.

उरतो तो ऋणाचा भाग, आणि माझ्या मते सर्वांत कठोर विचार येथेच झाला पाहिजे. जे ज्ञान कोणाच्या तरी वंचनेतून मिळाले ते ऋणाने मिळाले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1995 ते 1998 मध्ये 39 गावांत आरोग्यदूत बायकांकडून नवजात बालकांची घरीच शुश्रूषा करविली आणि शेजारच्या 47 गावांत सरकारी व्यवस्था होती तशी राहिली. तिसऱ्या वर्षी पहिल्या गावांत हजारी सुमारे 25 नवजात दगावत होती, दुसऱ्या गावांत सुमारे 60. त्या दुसऱ्या गावांतल्या बाळांचे ऋण उशिरा का होईना अंशतः फिटले: 2011 पासून देशभरच्या आशा कार्यकर्त्यांकडे बाळंतिणीच्या घरी जाऊन नवजाताला पाहण्याचे काम आले, त्याच्या मुळाशी ही गावे आहेत. उस्मानाबादच्या 64 स्त्रियांच्या ऋणाची रुजवात घालू गेल्यास काय आढळते? 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या शेकडा 1.9 निघाल्या. प्रयोगाचे निष्कर्ष येऊन तेव्हा दहा वर्षे उलटली होती. ज्या खजिन्याच्या संशयासाठी चौथा वर्ग पाडला, त्या खजिन्याला उत्तर मिळाले आणि ते त्याने दप्तरी लावले.

म्हणून मला असे वाटते की काहीच न मिळणारा वर्ग ज्या प्रयोगात आहे, त्याला नीतिसमितीने मंजुरी देण्यापूर्वी बाईच्या अंगठ्याआधी खजिन्याची सही मागावी. निष्कर्ष अमुक निघाल्यास अमुक मुदतीत अमुक व्यवस्था या जिल्ह्यात व राज्यात करू, असा लेखी करार करून घ्यावा. कारभाराचा अनुभव असलेले यावर हसतील व म्हणतील की पंधरा वर्षांनंतरच्या तरतुदीची हमी कोणतेही मंत्रालय देत नसते, आणि ते खरेच आहे. तर मग चौथा वर्ग पाडू नये. तीन पद्धतींची आपसांत तुलना करावी, जे उत्तर येईल ते थोडे धूसर आहे हे कबूल करावे, आणि त्या धूसर उत्तरावर सही करायला सचिव तयार नसेल तर त्याची जबाबदारी मृत्यूंच्या नोंदवहीवर न टाकता सचिवावर टाकावी.