वरच्या खाचराचे पाणी



आपल्या मावळात भातलावणी आटोपली की खाचरांत पाणी बांधून ठेवतात. याच पाण्यात सुरळीतील अळी वाढते. ती भाताच्या पानाचा शेंडा कापते, त्याची सुरळी करून आत राहते आणि सुरळीसकट पाण्यावर तरंगत दुसऱ्या रोपांवर जाते. पानांवर पांढरे पट्टे दिसले की शेतकरी तिला ओळखतो.

यावर बिनविषारी उपाय आहे. दोघांनी दोन बांधांवर उभे राहून पिकावरून आडवा दोर ओढायचा. सुरळ्या पाण्यात पडतात. मग खाचरातले पाणी काढून टाकायचे. पाण्यावाचून ही अळी तग धरत नाही. कुठे पाणी काढून कीड मारतात, तर कुठे पाणी भरून. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात क्रॅनबेरी या आंबट लाल फळांचे मळे त्यासाठी काही काळ पाण्याखाली ठेवतात.

प्रश्न पुढेच आहे. आपली खाचरे उतारावर, पायऱ्यांसारखी. वरच्याने बांध फोडला की पाणी खालच्याच्या खाचरात उतरते, सुरळ्यांसकट. वरचे पीक वाचले, खालच्याचे काय?

कोणी म्हणेल, ‘फादर, मला कीड घालवायची होती, शेजाऱ्याचे वाईट करायचे नव्हते.’ हा युक्तिवाद पोकळ नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी स्वसंरक्षणाविषयी लिहिताना म्हटले की, एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात; एक हेतूतला, दुसरा हेतूबाहेरचा. पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरले तर हेतू चांगला असूनही कृती अयोग्य ठरते, हेही त्यांनीच सांगितले.

आता बांधावर या. पाणी सोडताना तोंडाशी बारीक जाळी किंवा टोपली धरली, तर वाहत आलेल्या सुरळ्या गोळा करून नष्ट करता येतात. काम थोडे वाढते, इतकेच. टोपली हाताशी असून जो ती धरत नाही, त्याला ‘माझा हेतू नव्हता’ हे म्हणण्याचा अधिकार उरत नाही. टाळता येणारे नुकसान जाणूनबुजून होऊ दिले, तर ते आपल्याच खाती पडते.

आपण घरचा कचरा ओढ्यात टाकतो, कामावरचा राग मुलांवर काढतो. आपले खाचर स्वच्छ होते. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा आपण सर्व जाणतो. तो शेजारी पुष्कळदा आपल्या बांधाखालीच असतो. पाणी सोडण्याआधी एकदा खाली पाहू या.

आपला,
प्रमुख धर्मगुरू