धामणीच्या पाण्यावरचं धुकं

गंजाड, ता. डहाणू

चि. बाळ,


दिवाळी अंकातला माझा जुना फोटो पाहून तू पत्र लिहिलंस, बरं वाटलं. तुझे प्रश्न दोन: डोंगरातलं असं तळं कुठे सापडेल, आणि पहाटेच्या धुक्यासाठी कॅमेरा कोणता घ्यावा? दुसऱ्याचं उत्तर लवकर संपतं. जो आहे तोच घे. पैसे उरले तर चांगला ट्रायपॉड घे, कारण त्या वेळी उजेड इतका कमी असतो की हातात धरलेला कॅमेरा हलणारच.

तळ्याचं उत्तर लांब आहे. फोटोतलं पाणी धामणी धरणाचं. गंजाडहून चारोटी नाका ओलांडून कासा आणि तिथून आत, सूर्या नदीवर. आपल्या सह्याद्रीत हिमालयासारखी हिमनदीने कोरलेली सरोवरं नाहीत. लोणारचं तळं आकाशातून पडलेल्या अशनीने केलं, ते वेगळंच. बाकी आपण ज्यांना डोंगरातली तळी म्हणतो ती बहुतेक माणसाने पाणी अडवून केलेली. भंडारदऱ्याचं पाणी ब्रिटिशांनी अडवलं, महाबळेश्वरचं वेण्णा तळंही बांधून काढलेलंच.

तू विरारची. धामणीचं पाणी तू पाहिलं नसशील, पण प्यायली नक्की आहेस. सूर्या प्रकल्पाचं पाणी खाली कवडासच्या बंधाऱ्यातून उचलून तुमच्याकडे जातं. वसई-विरार आणि मीरा-भाईंदर मिळून दिवसाला ४०३ दशलक्ष लिटरची नवी योजना आहे. धरण बांधलं ते डहाणू, पालघर, विक्रमगडच्या शेतीसाठी. त्याच्या पोटात आदिवासींची घरं आणि भातशेती गेली. पाणी शहरांकडे वळवण्यावरून इथे आंदोलनंही झाली. फोटोच्या पत्रात ही भानगड कशाला, असं तुला वाटेल. पण धुक्यात कोणतंही तळं निर्जन दिसतं. धामणी निर्जन नाही. हे ज्याला ठाऊक नसतं तो तिथे जाऊन काश्मीरचं कॅलेंडर काढून आणतो.

म्हणून पहिल्यांदा येशील ती धुक्यासाठी येऊ नकोस. एखाद्या दुपारी ये, रखरखीत उन्हात. काठाने चाल. जाळी लावायला होडी कुठून निघते, गुरं पाण्यावर कुठे उतरतात, कुठला ताड एकटा आहे, कुठल्या टेकडीची रेघ तुटक आहे, हे पाहून ठेव. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाची उघडी जमीन दिसते, तीही एकदा बघ. धुकं काय झाकतंय हे कळल्याशिवाय काय उरतंय ते कळत नाही. भिंतीच्या बाजूला जाऊ नकोस. धरणाच्या भिंतीचे फोटो परवानगीशिवाय काढायचे नसतात, आणि ती भिंत तशीही कुरूप आहे. मागच्या अंगाला, पाणी डोंगरांच्या घड्यांत शिरतं तिथे जा.

आता धुक्याकडे येऊ. पाऊस संपला की जमीन अजून ओली असते आणि आकाश निवळतं. ढगांचं पांघरूण नसल्याने रात्री जमिनीतली ऊब वर निघून जाते. गार हवा जड, ती उतारांवरून घसरत खोऱ्यात उतरते आणि पाण्यावर साचते. पाणी मात्र दिवसाची ऊब सहजी सोडत नाही. त्याच्यावरून उठणारी वाफ त्या गार हवेत शिरली की तिचे बारीक थेंब होतात. काठावरून दिसतं ते पाण्यातून निघणारा धूरच जणू. ऑक्टोबर सरता सरता हे सुरू होतं आणि जानेवारीपर्यंत चालतं. डहाणूच्या किनाऱ्यावर समुद्र रात्रीला फार गार होऊ देत नाही, त्यामुळे तिथे हा खेळ कमी. आत जव्हारच्या दिशेने जावं तसा वाढतो. आदल्या संध्याकाळी आभाळ स्वच्छ असेल, वारा पडलेला असेल आणि गवतावर लवकर दहिवर बसायला लागलं असेल, तर पहाटेचा गजर लाव. ढग आले असतील तर खुशाल झोप.

वाऱ्याचं वेळापत्रक आमच्या मच्छीमारांना तुझ्या मोबाईलपेक्षा चांगलं कळतं. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो, दिवसा समुद्राकडून खारा वारा येतो. दोघांच्या मध्ये हवा थांबते. धामणी समुद्रापासून आत आहे, तिथे डोंगरांचे आपले वेगळे वारे, तरी सकाळची ती थांबलेली घटका तिथेही मिळते. सूर्य वर आल्याबरोबर धुकं विरेल असं समजून लोक आधीच सामान आवरतात. खरं तर पहिल्या उन्हाने हवा जराशी ढवळली जाते आणि कित्येकदा धुकं त्याच वेळी जास्त उठतं. तेव्हा थांब.

एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रकारांना ही शांत हवा हौस म्हणून नको होती, ती त्यांची गरज होती. सॅम्युअल बोर्न १८६४ साली काश्मीरला गेला तेव्हा काचेवर रसायन ओतून, ती ओली असतानाच फोटो काढून, तिथल्या तिथे तंबूत धुवावी लागे. भिंग बराच वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की प्रतिबिंब पुसलं. त्या काळच्या तळ्यांच्या फोटोंत पाणी काचेसारखं दिसतं, त्यातलं काही निसर्गाचं देणं, काही त्या संथ रसायनाचं.

तुझ्यापुढची अडचण उलटी आहे. तुझा कॅमेरा फार हुशार आहे. समोर जे असेल त्याची सरासरी काढून तो मध्यम राखाडी करून टाकतो. त्यामुळे पांढरं धुकं मळकट येतं, भांडी घासलेल्या पाण्यासारखं. उजेड एक स्टॉप वाढव, कधी त्याहून थोडा जास्त. ऑटोफोकस धुक्यात पुढे-मागे चाचपडत बसतो. तो बंद करून जवळच्या गडद फांदीच्या कडेवर हाताने फोकस कर. भिंगावर दंव बसतं, म्हणून सुती फडकं जवळ ठेव आणि फोटो काढायचा नसेल तेव्हा कॅमेरा पिशवीत. पाण्यातलं आकाश वरच्या आकाशाहून नेहमी थोडं गडद असतं. घरी जाऊन संगणकावर दोन्ही सारखे करू नकोस, लगेच खोटं दिसतं. निळा रंग वाढवायचा मोहही आवर.

आणि प्रतिबिंब म्हणजे वरच्या दृश्याची उलटी नक्कल नव्हे. पाण्यातलं चित्र खालून पाहिल्यासारखं असतं. कॅमेरा डोळ्याच्या उंचीला धरलास तर काठच्या झाडामागचा डोंगर वर दिसतो पण पाण्यात झाडाआड जातो. ट्रायपॉडचे पाय पसरून कॅमेरा पाण्यालगत आण, तो डोंगर पाण्यातही वर येईल. कपडे चिखलात जातील.

इतकं तंत्र पुरे. मला जे खरं सांगायचंय ते गंजाडच्या कळंबीपाड्यातलं आहे. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे तिथे राहायचे. पद्मश्री मिळाली २०११ साली, गेले मे २०१८ मध्ये. वारली चित्र भिंतीवरून कागदा-कापडावर आलं आणि लग्नाच्या चौकाबाहेर पडून जगभर गेलं, त्यात त्यांचा वाटा सगळ्यात मोठा. २००३ साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं होतं. लाँग माळरानावर चालत जाऊन पावलांची रेघ काढणारा, आणि हे गेरूवर तांदळाच्या पिठाची रेघ काढणारे. त्यांनी मासेमारीचं जाळं रंगवलंय, ते कुठे मिळालं तर बघ. जाळ्याच्या बारीक रेघांनी जवळजवळ सगळी जागा व्यापलेली, आणि तरी चित्रात श्वास घ्यायला जागा आहे.

वारली चित्रात सावली नाही. क्षितिजही बहुधा नसतं. दोनच रंग, आणि वस्तू कुठे ठेवली यावर सगळं. धुक्यातल्या पाण्याचंही नेमकं तसंच. सावल्या गेलेल्या, क्षितिज गेलेलं, उरतात फक्त आकार आणि त्यांच्यामधली जागा. फरक एवढाच की धुक्यात लांबची टेकडी फिकट होत जाते, चित्रात सगळं सारखं पांढरं. शहरातून येणारी मुलं चौकट भरू पाहतात: अर्धा डोंगर, झाड, फुलं, वरून सूर्य. माझं मत विचारशील तर धुक्यात एक ताड पुरतो. फार तर एक होडी. ती कुठे ठेवायची यावर हवी तितकी मेहनत घे. मधोमध ठेवू नकोस असं पुस्तकं सांगतात, पण म्हसे मधोमध ठेवायचे आणि बिघडत नसे.

होडीत माणूस असेल तर आधी त्याच्याशी बोल. धुक्यात काळी आकृतीच दिसणार, चेहरा कळणार नाही, मग विचारायचं कशाला, असं म्हणू नकोस. तो पहाटेपासून गारठ्यात पोटासाठी बसलाय, त्याच्या कामात आपण घुसलोय. परत येशील तेव्हा कागदावर छापलेला फोटो त्याला आणून दे. मोबाईलवर पाठवलेला चालत नाही, घरच्या म्हाताऱ्यांना भिंतीवर लावायचा असतो.

विरारहून आता डहाणू रोडपर्यंत लोकल आहे, २०१३ पासून. पण पहिली गाडी पकडलीस तरी धामणीला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असेल. आदल्या संध्याकाळी ये आणि आमच्याकडे मुक्काम कर, काकू आहे. स्वेटर आण, कोकणात थंडी नसते या समजुतीत राहू नकोस. बॅटरी जास्तीची आण आणि ती रात्री उशीखाली ठेव, गारठ्यात लवकर उतरते.

तुझा
काका

ता. क. ड्रोन आणू नकोस. त्याच्या आवाजाने पाणकावळे उठतात, आणि वरून पाहिलं तर धामणी पाण्याची टाकी दिसते.