मागणे आणि विचारणे

उचगावातील एका घरी पौर्णिमेच्या वंदनेसाठी पाच-सहा कुटुंबे जमली होती. वंदना आटोपली, चहा झाला आणि गोष्टीवरून गोष्ट निघाली. त्या घरातील वृद्ध आईंचे निराधार योजनेचे अनुदान चार महिने थांबले होते. महिन्याचे दीड हजार रुपये, पण त्यांच्या गोळ्या त्यातूनच येत. कागदपत्रे पुरी होती, चकराही झाल्या होत्या. अखेर एका समारंभास आलेल्या एका पुढाऱ्यांच्या त्या पाया पडल्या आणि पुढच्याच महिन्यात पैसे जमा झाले. हे ऐकून सून म्हणाली, "आत्ती, दीक्षा घेतली त्या दिवशी तुम्हीच म्हटला होता, आता कुणापुढं वाकायचं न्हाई." आईंनी शांतपणे उत्तर दिले, "वाकलो नसतो तर गोळ्या कशाच्या आणल्या असत्या? सांग की."

त्या प्रश्नाला त्या खोलीत कोणापाशीच उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. बंधू-भगिनींनो, नव्याने धम्मात आलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे. म्हणून त्याचा नीट विचार केला पाहिजे.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. मागणारा समोरच्याच्या दयेकडे पाहतो, तर विचारणारा त्याच्या कर्तव्याकडे बोट दाखवितो. दया ही देणाऱ्याच्या मर्जीवर असते, आज आली तर उद्या आटते. कर्तव्याचे तसे नाही, ते मर्जीवर चालत नाही. सरकारी तिजोरीतील पैसा हा कोणा पुढाऱ्याच्या घरचा पैसा नव्हे. काड्यापेटीपासून कापडापर्यंत जे जे आपण विकत घेतो, त्यातून तो भरला जातो. त्या आईंनीही तो भरला आहे. मग स्वतःच्या पैशासाठी त्यांनी वाकावे, ही गोष्ट कोणत्या न्यायात बसते?

आपला कोल्हापूर जिल्हा या बाबतीत भाग्यवान खरा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करण्याचे पाऊल उचलले. १९१९ साली दवाखाने, कचेऱ्या व शाळा यांत अस्पृश्यांना समानतेने वागविण्याचे हुकूम काढले आणि ज्या नोकरास हे मान्य नसेल त्याने राजीनामा द्यावा, अशी तंबीही दिली. १९२० च्या मार्चमध्ये उचगावहून फार दूर नसलेल्या माणगावच्या परिषदेत त्यांनी तरुण बाबासाहेबांची ओळख समाजाचा पुढारी म्हणून करून दिली.

परंतु १९२२ च्या मे महिन्यात महाराज गेले. चांगल्या राजाचे दान कितीही मोठे असले, तरी त्यास एक उणीव राहते. राजा चांगला आहे तोवर ते मिळते आणि तो गेल्यावर ते का थांबले, असे विचारण्याची जागा प्रजेला नसते. ही जागा कायदेमंडळात असते. म्हणून माणगावच्या व्यासपीठाइतकेच महत्त्व मुंबईच्या कौन्सिलातील एका बाकास दिले पाहिजे.

१९२६ च्या अखेरीस बाबासाहेबांची मुंबई कायदे कौन्सिलवर नियुक्ती झाली. ते निवडून आलेले नव्हते, सरकारने नेमलेले सभासद होते. ज्याने नेमले त्याचे गुणगान करावे, हा जगाचा शिरस्ता. बाबासाहेबांनी १९२७ च्या फेब्रुवारीत अंदाजपत्रकावरील आपल्या पहिल्याच भाषणात सरकारच्या करपद्धतीवर बोट ठेवले. मिळकतकराला एका मर्यादेखाली माफी आहे, मग एका एकराच्या शेतकऱ्याकडून मात्र पीक येवो वा न येवो सारा का वसूल करता, असा त्यांचा रोख होता.

त्यानंतर १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणावरील खर्चाचा विषय निघाला. बाबासाहेबांनी सरकारचेच आकडे सरकारपुढे मांडले. इलाख्यात शिक्षणावर दरडोई अवघे चौदा आणे खर्च होत होते आणि दारूच्या अबकारी उत्पन्नातून सरकार दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करीत होते. लोकांकडून दारूपायी जेवढे घेता, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोहोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी दाखवून दिले. या गतीने शाळेच्या वयाची सर्व मुले शाळेत यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुलींना तीनशे वर्षे, असा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला.

या भाषणात याचना कोठेही नाही. 'आमच्या लेकरांवर दया करा' असे ते म्हणाले नाहीत. 'तुम्ही इतके घेता, इतके देता, हा हिशेब कसा जुळतो ते सांगा' असे म्हणाले. शिवाय हा प्रश्न केवळ अस्पृश्यांपुरता नव्हता. शिक्षण सर्वांचे होते आणि सारा भरणारा शेतकरी कोणत्याही जातीचा होता. पुढे १९२८ साली प्रसूती रजेच्या विधेयकावर ते गिरणीत राबणाऱ्या सर्व बायांच्या बाजूने बोलले. जो फक्त आपल्या पंगतीपुरते पाहतो तो मागणारा राहतो. ज्याचा प्रश्न सर्वांना लागू पडतो, तोच खरा विचारणारा होय.

आता कोणी म्हणेल, सभागृहात विचारून काय होते? कागद काळे होतात. हा आक्षेप खोटा नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी त्याच कौन्सिलात ठराव मंजूर करून घेतला होता. सरकारी पैशाने बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले व्हावेत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तो मानलाही, पण चवदार तळ्याच्या पाण्याला अस्पृश्याची ओंजळ लागली नाही. १९२६ साली बोल्यांना पुन्हा उभे राहून, ठराव न पाळणाऱ्या स्थानिक संस्थांचे अनुदान रोखा, असे म्हणावे लागले. अखेर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले.

येथे तारखा नीट पाहाव्यात. १२ मार्चला कौन्सिलात प्रश्न आणि २० मार्चला तळ्यावर पाऊल, मध्ये आठच दिवस. सभागृहातील प्रश्नामागे लोक उभे नसतील तर तो कागदावर राहतो. लोकांच्या पावलामागे कायद्याचा ठराव नसेल तर ते पाऊल बेकायदा ठरविणे सोपे जाते. म्हणून एकास दुसऱ्याची गरज आहे.

आपल्या धर्मांतराच्या इतिहासातही हेच दिसते. १९५६ साली आपण बौद्ध झालो आणि अनुसूचित जातीच्या सवलती गेल्या. धर्म बदलला म्हणून गावाबाहेरचे घर गावात आले काय? पोटाची भूक बदलली काय? महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्यापुरत्या सवलती पुन्हा दिल्या, पण केंद्राने कायद्यात दुरुस्ती करून बौद्धांना अनुसूचित जातींत गणले ते १९९० साली. मधली चौतीस वर्षे हा प्रश्न मोर्चांतून आणि सभागृहांतून विचारला जात होता. आज आपल्या मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जो दाखला जोडला जातो, त्यामागे ही चौतीस वर्षे आहेत. तो कोणाचा उपकार नाही.

आणि हे काम संपलेले नाही. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात विकासाचा पैसा वेगळा राखावा, म्हणून १९७९-८० च्या सुमारास विशेष घटक योजना आली. तो पैसा अन्यत्र वळू नये म्हणून शेजारच्या कर्नाटकाने २०१३ साली कायदाही केला. तरी २०२३ नंतर तेथे तो गॅरंटी योजनांकडे वळविल्याचा वाद पेटलाच. महाराष्ट्रात २०२५ साली सामाजिक न्याय खात्याचा निधी दुसऱ्या योजनेकडे वळविल्याबद्दल खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. तात्पर्य, कायदा असला तरी हिशेब विचारणारा लागतोच.

मग त्या आईंचे चुकले काय? मी म्हणतो, नाही. भुकेल्या माणसाला ताठ मानेचा उपदेश करणे सोपे असते. एकट्या म्हातारीने कचेरीत जाऊन जाब विचारला, तर तिला आणखी चार चकरा घालाव्या लागतील, ही भीती खोटी नाही. परंतु ज्यांच्या त्या पाया पडल्या त्यांची गोष्ट निराळी आहे. संविधानाच्या १९४ व्या कलमाने आमदाराला असे संरक्षण दिले आहे की सभागृहात तो जे बोलेल त्याबद्दल त्याच्यावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होऊ शकत नाही. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना ही हत्यारे त्याच्या हाती आहेत. म्हातारीला यातील एकही गोष्ट मिळालेली नाही. ज्याच्या हाती ढाल आहे त्याने मौन धरणे आणि जिच्या हाती काहीच नाही तिने वाकणे, या दोहोंत दोष कोणाचा, हे सांगावयास पंडित नको.

त्यांनी काम केलेच ना, असेही कोणी विचारील. केले. पण फोन करून एका म्हातारीचे अनुदान सुरू करणे हा उपकार झाला, आणि तो एकीवरच झाला. चार महिने अनुदान का थांबले आणि जिल्ह्यात असे आणखी किती जणांचे थांबले, हे सभागृहात विचारले असते, तर उत्तर सर्वांसाठी मिळाले असते. वशिल्याचे काम ऋणी माणसे निर्माण करते. प्रश्नाचे उत्तर नागरिक निर्माण करते.

भगवान बुद्धांच्या कूटदंत सुत्तात एका राजाची कथा आहे. राज्यात चोऱ्या व लूटमार माजली असता त्याला मोठा यज्ञ करावयाचा होता. त्याच्या पुरोहिताने त्यास अडविले आणि सांगितले की यज्ञही नको, शिक्षाही नको, शेतकऱ्याला बी-बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, नोकराला वेतन दे. राजाने ते केले आणि राज्यात शांतता नांदली. आपण या कथेत राजाचे औदार्य पाहतो. मला त्यात तो पुरोहित अधिक महत्त्वाचा वाटतो. राजाच्या पदरी असूनही, तिजोरी कोठे खर्च व्हावी हे त्याने राजाला तोंडावर सांगितले. आज ते काम आमदाराचे आहे. आणि आमदार ते करीत नसेल तर ते करवून घेण्याचे काम आपले आहे.

आपणही स्वतःला विचारावे. मत मागावयास आलेल्या माणसाकडे आपण काय मागतो? जयंतीला मंडप, मंडळाला ढोल, वस्तीला कमान. तुम्ही गेल्या अधिवेशनात किती प्रश्न विचारले, असे आपण कधी विचारले काय? ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पंधरा टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च व्हावयास हवी. ती कोठे खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून आपल्यापैकी किती जणांनी विचारले? उचगावात वर्षानुवर्षे हद्दवाढीची चर्चा चालली. पाटी ग्रामपंचायतीची असो की महापालिकेची, पैसा आपला आहे आणि हिशेबही आपणच विचारावयाचा आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने तर साध्या कागदावर अर्ज करण्याची वाट खुली केली आहे.

त्या सुनेला मी शेवटी एवढेच म्हणालो, "आत्तींना बोल लावू नका. पुढच्या वेळी त्यांना एकटीला पाठवू नका." पुन्हा अनुदान थांबले तर त्या घरातून एक म्हातारी नव्हे, वंदनेला जमलेली पाचही कुटुंबे अर्ज घेऊन जावीत. अर्जाची पोच घ्यावी, आणि त्या अर्जाची एक प्रत आमदारांना देऊन, हे सभागृहात विचाराल काय, असे स्वच्छ शब्दांत विचारावे. एकट्या माणसाला वाकावे लागते. पाच जण मिळून गेले की ताठ उभे राहता येते. संघ म्हणजे तरी याहून वेगळे काय?

जयभीम!