गणमात्रांचें ज्ञान आणि काव्याचा आनंद

कवितेचीं अंगें समजून घेतल्यानें ती अधिक कळते, कीं तिचा आनंदच हिरावला जातो, हा प्रश्न रसिकांच्या बैठकींत नेहमीं निघतो. आम्ही त्याचें उत्तर पुष्कळ वर्षें मोठ्या आत्मविश्वासानें देत आलों. मध्यंतरीं आमचा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. बोलतां बोलतां तो म्हणाला, "सर, आपण शिकविलेलीं अलंकारांचीं नांवें अजून पाठ आहेत, कविता मात्र एकही आठवत नाहीं." तो विनोदानें बोलला, आम्हांस तें हसण्यावारी नेतां आलें नाहीं. ज्यानें विश्वासानें आपला कान आमच्या स्वाधीन केला, त्यास आम्हीं दिलें तरी काय?

यावर कित्येक म्हणतील कीं, दोष शास्त्राचाच आहे. साखरेची गोडी कळण्यास उंसाची लागवड ठाऊक असावी लागत नाहीं. परंतु हा निवाडा घाईचा होय. 'मेघदूत' आरंभापासून अखेरपर्यंत मंदाक्रांता वृत्तांत आहे. चरणांत १७ अक्षरें. ४, ६ व ७ अक्षरांनंतर विराम. गण म, भ, न, त, त व शेवटीं दोन गुरु. एवढें फळ्यावर लिहून आम्ही थांबत असूं. तें खरें होतें, पण निरुपयोगी होतें. पहिलीं चारही अक्षरें गुरु, जणूं पाय जड झालेल्या माणसाचीं पावलें. पुढें पांच लघु अक्षरें एकामागून एक धांवत येतात आणि एका गुरु अक्षरावर थबकतात. उरलेलीं सात मग डुलत डुलत मुक्कामास पोंचतात. मन पुढें धांवतें आहे, देह मागें खिळला आहे, ही यक्षाची अवस्था अर्थ लागण्याआधींच कानास कळते. हें ज्यास एकदां ऐकूं आलें, तो गणांचीं नांवें विसरला तरी त्याचें कांहीं बिघडत नाहीं.

जात्यावर ओंवी गाणाऱ्या बायांना मात्रा कोणीं शिकविल्या होत्या, असें कोणी विचारील. शिकविल्या होत्या; आईनें लेकीला, पहाटेच्या अंधारांत, जात्याच्या फेऱ्याबरोबर. तेथें ज्ञान होतें, त्याचें नांव तेवढें नव्हतें. आमच्या वर्गांत नांव होतें, ज्ञान नव्हतें. ज्ञानेश्वरीच्या ओंवींत पहिल्या तीन चरणांस यमक असतें आणि आंखूड चौथा चरण यमकावांचून विसावतो. त्या विसाव्यांत विचार मनांत उतरतो. तो न ऐकतां नुसतीं यमकें मोजणें म्हणजे यजमानास न भेटतां घराचे खांब मोजून परत येणें होय.

लिहूं इच्छिणाऱ्यांसही हाच न्याय लागू आहे. मम्मटानें प्रतिभा, व्युत्पत्ति आणि अभ्यास हीं तिन्ही सांगितलीं. पण हे तीन निरनिराळे हेतु नसून तिहींचा मिळून एकच हेतु होतो, असें त्यानें मुद्दाम स्पष्ट केलें. 'छंदोरचने'सारखा शास्त्रग्रंथ लिहिणारे माधव जूलियन (१८९४–१९३९) उत्कट प्रेमकवितेचेही कवि होते. मात्रा मोजल्यानें त्यांची भावना आटली नाहीं. मुक्तछंदास आमचा विरोध नाहीं. मात्र बंधन सोडणें निराळें आणि बंधन ठाऊकच नसणें निराळें. पहिल्यांत स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यांत केवळ सोय आहे. आणि सोयीस स्वातंत्र्य म्हणणें ही स्वतःशीं केलेली लबाडी होय.

तशीच लबाडी आम्हीं वर्गांत केली, हें आतां कबूल केलें पाहिजे. नांव हें ओळखीचें साधन. ओळखीच्या जागीं नांवच बसवून आम्ही मोकळे झालों. हल्लीं आम्ही कविता प्रथम दोनदां मोठ्यानें वाचतों, आवाज कोठें थांबला तें मुलांना विचारतों, आणि नांव सर्वांत शेवटीं सांगतों. कधीं सांगावयाचें राहूनही जातें. त्या जुन्या विद्यार्थ्यास आम्हीं पुन्हां घरीं बोलाविलें आहे. या खेपेस फळा असणार नाहीं.